आधी पडायला शिकू दे

कराटे किंवा ज्युदोच्या क्लासची चौकशी करायला आलेल्या आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "फार लागत नाही ना हो?" मूल ऐकत नाहीये ना, हे बघून हळूच विचारलेला. दुसरा मात्र चांगला खणखणीत आवाजात: "ब्लॅक बेल्टला किती वर्षं लागतात?"

माझी लेक ज्युदोला जाते, त्यामुळे क्लासबाहेरच्या बाकावर बसून हे दोन्ही प्रश्न मी पुष्कळदा ऐकलेत. हसू येतं, पण उगाच कशाला हसा. आपण सगळे तसेच. पोराला लागू नये असंही वाटतं आणि शाळेच्या गॅदरिंगला गळ्यात मेडल घालून ते स्टेजवर यावं असंही वाटतं.

गंमत अशी की, मुलाला क्रिकेटला घालताना आपण पहिला प्रश्न विचारतच नाही. क्रिकेट घरचं. त्यात लागलं तर 'चालायचंच'. खरं तर वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाते. म्हणून तर त्यांनी दिवसाला किती षटकं टाकायची याच्या मर्यादा ठरवलेल्या असतात. कबड्डी आणि फुटबॉलमध्ये गुडघे-घोटे जातात. डोक्यानं चेंडू मारण्याला अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं 2015 मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बंदीच केली. आणि कुठलाच खेळ नको म्हणून घरी बसवलं, तरी जिना आणि ओली मोरी आहेतच.

मग मारामारीच्या खेळात लागतं जास्त की कमी? याला एक उत्तर नाही, कारण तो एक खेळ नाही. कराटेतला 'काता', म्हणजे एकट्यानं ठरावीक क्रमानं करायच्या हालचाली, यात समोर कुणी नसतंच. फार तर स्नायू ओढला जाईल. समोरासमोर लढत आली की चित्र बदलतं. तायक्वांदोत छातीच्या गार्डवर लाथ बसली तर 2 गुण, डोक्याला बसली तर 3, आणि गिरकी घेऊन डोक्याला बसली तर 5. जिथे जास्त गुण तिथे मुलं पाय उचलणारच, ते काही त्यांचं चुकत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये या सगळ्याचा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं साधारण असं: मुलांची सुरुवात बिनस्पर्शाच्या सरावानं व्हावी, अंगात तंत्र मुरल्यावरच लढतीकडे वळावं, आणि टीव्हीवर पिंजऱ्यात चालतो तो एमएमएचा प्रकार मुलांपासून लांब ठेवावा. डोक्याला घालायच्या मऊ हेल्मेटबद्दलही त्यांनी बजावलं आहे. त्यानं मेंदूला बसणारा हादरा टळतो याचा भरवसा नाही, उलट 'हेल्मेट आहे की' म्हणून मुलं जास्त बिनधास्त होतात.

तरी मी ज्युदोच निवडला, ज्यात माणसाला उचलून आपटतात! सासूबाईंनी तर डोक्याला हात लावला.

निवडला तो एका दिवसाच्या बसण्यावरून. आम्ही नुसतं बघायला गेलो होतो. नवीन मुलं मॅटवर उताणी पडली होती. हनुवटी छातीला लावलेली, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, आणि दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली, एकदम थाप! पुन्हा थाप! "छताकडे नाही, गाठीकडे बघ," सर सांगत होते. कारण छताकडे बघितलं की मान मागे जाते आणि डोकं आपटतं. तळवा आणि कोपरापर्यंतचा हात एकदम मॅटवर बसला, की पडण्याचा जोर एका जागी न बसता पसरतो. नंतर तेच उकिडवं बसून. मग उभं राहून. मग कुशीवर. मग कोलांटी घेत पुढे. जपानी भाषेत याला उकेमी म्हणतात. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत ज्युदोची शाळा काढली, तेव्हापासून हा पायाचा धडा आहे.

पडताना हात पुढे टेकवायचा ही आपली सगळ्यांची उपजत सवय. झोपाळ्यावरून पडलेल्या मुलांचं मनगट किंवा कोपराच्या वरचं हाड मोडतं, ते बहुतेक वेळा याच सवयीमुळे. ती सवय मोडायला वेळ लागतो आणि तो वेळ बघणाऱ्याला भयंकर कंटाळवाणा असतो. "महिना झाला, नुसतं पाडतायत यांना," बाकावरची कुरकुर सुरू होते. शेजारच्या क्लासमधली मुलं तोवर यूट्यूबवर टाकण्याजोग्या उंच लाथा मारायला लागलेली असतात. आपल्यालाही वाटतंच की, फी तेवढीच आणि आपलं पोर अजून जमिनीवर.

हा कंटाळवाणा महिना गाळला तर काय होतं, त्याचं उदाहरण खुद्द जपानमध्येच आहे. 1983 ते 2011 या काळात तिथल्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून जास्त मुलं दगावली. र्‍यो उचिदा या अभ्यासकानं शाळांच्या अपघातांच्या नोंदी चाळून हा आकडा पुढे आणला, तेव्हा लोक हबकले. त्यातली बरीच मुलं नवशिकी होती, शाळेच्या पहिल्या वर्षातली. पुष्कळांना 'ओसोतो-गारी' या डावानं टाकलं होतं. समोरच्याचा पाय मागून आपल्या पायानं काढून घेतात आणि तो सरळ पाठीवर जातो. मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कोवळी. मान सावरायला येत नसेल तर मेंदूभोवतीच्या शिरा ताणून फुटतात. काही मुलांचं तर आधीपासून डोकं दुखत होतं, तरी सराव चालूच होता.

मूल गमावलेल्या, जायबंदी झालेल्या मुलांच्या आईबाबांनी 2010 मध्ये संघटना काढली आणि पाठपुरावा केला. नवशिक्यांना काय शिकवायचं, कधी शिकवायचं, डोक्याला लागलं तर काय करायचं, याचे नियम आले. 2012 पासून सलग तीन वर्षं शाळेतल्या ज्युदोत एकही मूल दगावलं नाही. पुढे पुन्हा अपघात झाले, हेही खरं. पण खेळ तोच, डाव तेच; फरक पडला तो शिकवण्यात. फ्रान्समध्ये ज्युदो खेळणारी मुलं जपानपेक्षा जास्त. तिथे पैसे घेऊन शिकवायचं तर सरकारमान्य पदविका लागते आणि मृत्यूंची अशी रांग तिथे लागली नाही. जपानच्या ज्युदो महासंघानं तर 2022 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. जिंकण्यासाठी मोठ्यांची चाललेली घाई मुलांना सोसेना, म्हणून.

पडण्याची तयारी आधी करायची, हे आपल्याकडे जुन्या तालमींना माहीत होतं. कुस्ती लागायच्या आधी हौदातली लाल माती खणून, भुसभुशीत करून घेतात. आता आपले क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये भरतात, आणि मॅटखाली टाइल्स असतात. म्हणून मी म्हणेन, सरांचे फोटो आणि ट्रॉफ्या बघण्याआधी चप्पल काढून त्या मॅटवर स्वतः गुडघ्यांवर बसून बघा. दोन मॅटच्या मध्ये फट पडते का, भिंत किंवा खांब किती जवळ आहे, हे लगेच कळतं. आणि एकदा ऑफिसमधून अर्धा तास लवकर निघून पूर्ण क्लास बघा. मोबाईल पर्समध्ये. मला माहितीये, तेवढाच वेळ मेल बघायला आणि भाजीची ऑर्डर द्यायला मिळतो.

बघायचं काय? जोड्या कशा लावतात ते. सहावीतल्या दांडग्या मुलासमोर तिसरीतलं काडीपहिलवान उभं केलंय का? मूल रडलं तर सर काय म्हणतात? "मुलींसारखं रडतोस काय" असं कानावर आलं तर मी तिथून सरळ उठेन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलानं मॅटवर दोनदा हात आपटला की समोरचा त्याच क्षणी सोडतो का. ती ज्युदोतली 'पुरे'ची खूण आहे. चांगल्या क्लासमध्ये ती करणाऱ्याला कुणी हसत नाही.

आपल्या घरी मात्र 'पुरे' म्हणणं मुलांना अवघड जातं, असं मला दिसतं. मुलं दुखणं लपवतात. लेकीचं बोट सुजलेलं मला वरण-भात कालवताना दिसलं, कारण ती डाव्या हातानं कालवत होती. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "मग तू क्लास बंद करशील." दुसऱ्या घरात याच्या उलट कारण असतं: सांगितलं तर बाबा म्हणतील, एवढ्यानं काय होतंय. दोन्हीकडे मूल आपलाच चेहरा वाचत असतं. म्हणून हल्ली घरी येताना मी "आज जिंकलीस का" ऐवजी "आज कुठे कुठे आपटलीस" असं विचारते. मग ती हातापायावरचे डाग कौतुकानं दाखवते आणि त्यात खरं दुखणंही निघतं.

खरचटणं, मुका मार, मुरगळलेलं बोट यांना बर्फ आणि विश्रांती पुरते बहुतेक वेळा. डोक्याच्या बाबतीत मात्र अजिबात शहाणपणा करायचा नाही. डोकं आपटल्यावर किंवा मानेला जोरात हिसका बसल्यावर उलटी, वाढती डोकेदुखी, पेंग, तोल जाणं, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणं, यातलं काहीही दिसलं तर हळद लावत बसू नका, दवाखाना गाठा. काहीच दिसलं नाही तरी त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही. लक्षणं दिसली असतील तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत सराव नाही. बेल्टची परीक्षा परवावर आलेली असली तरी नाही. बेल्ट पुढच्या खेपेला मिळतो.

आणि लागल्यावर मूल घाबरलं, नको म्हणालं तर? आपल्या तोंडावर पहिलं वाक्य येतं, "फी भरली आहे." तेवढं गिळून टाकायचं. थोडे दिवस त्याला मॅटच्या कडेला नुसतं बसू दे, वाटलं तर फक्त पडायचा सराव करू दे. बरीच मुलं आपणहून उठून रांगेत जातात. काही नाही जात. त्यांना पोहायचं असतं, किंवा चक्क काहीच करायचं नसतं. दोनेक महिन्यांची फी पाण्यात जाते. गिटारच्या वेळी नाही का गेली!