टॅक्सीची इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज करताय? आधी स्लॅब बघा

शोरूममध्ये तुम्हाला सांगतात, "किलोमीटरला एक रुपया." आकडा खोटा नाही, पण तो सर्वांत स्वस्त स्लॅबमध्ये भागणाऱ्याचा, ऑफिसला जाऊन-येऊन तीस किलोमीटर फिरणाऱ्याचा आहे. तुम्ही ओला-उबेरला गाडी लावून रोज दीडशे किलोमीटर मारता. तुमचा आकडा वेगळा येतो, आणि पहिलं बिल हातात पडेपर्यंत तो कुणी सांगत नाही.

आधी युनिटांचा हिशेब. टॅक्सीसाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या सेडानला एसी लावून, शहराच्या ट्रॅफिकमध्ये, मीटरवरच्या एका युनिटमागे साडेसहा किलोमीटर धरा. गाडीच्या स्क्रीनवर याहून जास्त दिसेल. चार्ज होताना दहा-पंधरा टक्के वीज वाटेत जाते, ती स्क्रीन दाखवत नाही. वीज कंपनी मात्र मोजते. रोज १५० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ३,९०० किलोमीटर. त्याला ६०० युनिट लागतात.

आता घरगुती दर. महाराष्ट्रात घरगुती बिलाचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५००च्या पुढे असे आहेत. मुंबई उपनगरात अदानी किंवा टाटा पॉवर, शहरात बेस्ट, भांडुप-मुलुंडपासून बाकी राज्यभर महावितरण. दर वेगळे, टप्पे हेच. बिलावर नुसता वीज आकार बघू नका. त्यात वहन आकार मिळवा, त्यावर १६ टक्के वीज शुल्क लावा. महावितरणच्या २०२५च्या आसपासच्या दरांनी सगळं मिळून पहिल्या टप्प्यात युनिट सातच्या थोडं आत पडतं, दुसऱ्यात तेराच्या घरात, तिसऱ्यात सतरा-अठरा आणि चौथ्यात अठरा ते वीस. इंधन समायोजन आकार लागला तर तो वर. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात, म्हणून तुमच्या चालू बिलावरचे आकडे घेऊन हाच हिशेब पुन्हा मांडा.

घरात पंखे, फ्रिज, टीव्ही मिळून १५० युनिट आधीच जळतात असं धरू. स्वस्त शंभर युनिट घरानेच खाल्ले. गाडीच्या ६०० पैकी १५० तेराने, २०० सतराने, उरलेले २५० साडेअठराने. बेरीज दहा हजारांच्या आसपास. किलोमीटरला अडीच रुपये. सीएनजीवर किलोला २२ किलोमीटर आणि ८५ रुपये दर धरला तर तेवढ्याच अंतराला पंधरा हजार लागतात. बचत आहे, पण इलेक्ट्रिक गाडीचा हप्ता जास्त असेल तर त्यातली बरीच तिथेच जिरते. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट बावीस रुपयांना मिळालं तर बारा-तेरा हजार. म्हणजे घरगुती मीटरवर रात्रभर चार्जिंग आणि रस्त्यावरचं फास्ट चार्जिंग यांत महिन्याला दोन-तीन हजारांचाच फरक.

या सगळ्यातून सुटायचा मार्ग आहे: गाडीसाठी वेगळं मीटर.

वीज कंपन्यांच्या दरपत्रकात इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे. त्यात स्लॅब नाहीत. पहिलं युनिट आणि सहाशेवं युनिट यांचा मूळ दर एकच, आणि तो घरगुतीच्या ३०० युनिटांपुढच्या दरापेक्षा बराच खाली आहे. समजा सगळं धरून तुम्हाला तो दहा रुपयांना पडला: ६०० युनिटांचे सहा हजार, वर स्थिर आकाराचे काही शे. घरगुती मीटरच्या तुलनेत महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त वाचले. दोन गोष्टी मात्र तपासा. एक, या वर्गात स्थिर आकार मंजूर भाराप्रमाणे लागतो, त्यामुळे गरजेपेक्षा मोठा भार मागू नका. दोन, दर वेळेप्रमाणे बदलतो आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांना अधिभार असतो. गाडी सात वाजता घरी आली तरी प्लग अधिभाराचे तास संपल्यावरच लावा.

महिन्याला शंभर-दीडशे युनिटच लागत असतील, म्हणजे गाडी अर्धवेळच चालत असेल, तर वेगळ्या मीटरचा खटाटोप करू नका. आहे त्याच मीटरवर भागवा. केंद्र सरकारच्या चार्जिंगविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या जोडणीवर आपली गाडी चार्ज करायला परवानगी आहे आणि त्याला घरगुती दरच लागतो. घरी स्मार्ट मीटर असेल तर महावितरणने १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापरावर युनिटमागे ऐंशी पैसे ते एक रुपया सवलत ठेवली आहे. रात्रीची एअरपोर्ट ड्युटी करून दिवसा झोपणाऱ्यांनी ती सोडू नये.

कागद काय लागतात? नवीन जोडणीचा अर्ज (महावितरणच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर होतो), आधार, पॅन, जागेच्या मालकीचा पुरावा म्हणजे मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स टू, गाडीचं आरसी, परवानाधारक वायरिंग कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, आणि सोसायटी असेल तर ना हरकत पत्र. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार नवीन जोडणीची मुदत महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे. त्याच दुरुस्तीने चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्कही दिला. "असं मीटर देत नाही" असं काउंटरवर कुणी म्हणालं तर तोंडी वाद घालू नका. अर्ज ऑनलाइन भरा, अर्ज क्रमांक जपा, नकार लेखी मागा.

एजंट अर्ज भरायचे म्हणून दोन-तीन हजार मागतो. अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता. टेस्ट रिपोर्टचे पैसे मात्र कंत्राटदाराला द्यावेच लागतात. जोडणीच्या खर्चाचं कोटेशन वीज कंपनीच्या नावाचं असतं आणि ते ऑनलाइन भरता येतं. रोख देऊन पावती नाही, तर ते कोटेशन नव्हे.

सोसायटीत वेळ जातो तो सेक्रेटरीकडे. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की टॅक्सी ओळखू येते आणि "कमर्शियल चार्ज" निघतो. वेगळं मीटर तुमच्या नावावर असेल तर विजेचे पैसे तुम्ही थेट कंपनीला भरता. सोसायटीला त्यात घेणं-देणं नाही. केबल कुठून जाईल, तिच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची, एवढंच ना हरकत पत्रात लिहून घ्या. महिन्याचा ठोक आकार मागितला तर तो कोणत्या ठरावाने, हे विचारा.

वायरिंगकडे आता नीट लक्ष द्या, कारण पैसे इथे उकळले जातात आणि आगही इथेच लागते.

७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर तुम्हाला आग्रहाने विकतील. आधी गाडीचं माहितीपत्रक काढा आणि गाडीच्या आतला चार्जर किती किलोवॅटचा आहे ते बघा. टॅक्सीत चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत तो ३.३ किलोवॅटचाच असतो. मग भिंतीवर केवढाही मोठा डबा लावा, गाडी ३.३ च घेणार. पंचवीस-तीस हजार भिंतीवर टांगून ठेवल्यासारखे. गाडीसोबत मिळालेली केबल आणि १५-१६ अँपिअरचा पॉइंट तासाला जवळपास तीन युनिट देतो. रात्रीच्या आठ तासांत चोवीस युनिट, दीडशे किलोमीटर. तुमचा दिवस निघाला.

पॉइंट मात्र गीझरच्या पॉइंटवरून ओढलेला नको. मीटरपासून थेट वेगळी तांब्याची वायर: १६ अँपिअरला ४ स्क्वेअर एमएम, ३२ला ६ स्क्वेअर एमएम. वेगळा एमसीबी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, तोही इलेक्ट्रिक गाडीला चालणारा. कंत्राटदाराला "टाइप ए" असं नाव घेऊन सांगा, नाहीतर दुकानातला सर्वांत स्वस्त येतो. सॉकेट निळा, झाकणाचा, इंडस्ट्रियल प्रकारचा घ्या. गाडीच्या केबलला तीन पिनांचा साधा प्लगच असेल तर निदान चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा सॉकेट बसवा. साधा सॉकेट मिक्सरला बनलाय, आठ-आठ तास १५ अँपिअर ओढायला नाही. पहिल्या आठवड्यात रोज तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला, पिन तांबूस-काळी पडली किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर चार्जिंग बंद करून सॉकेट बदला. एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचाच नाही. गुंडाळी न सोडता वापरलेला तर मुळीच नाही.

अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जच घेत नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हा नेहमीचा अनुभव. त्यावर केबलच्या प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून गाडीला "फसवणारे" वायरमन आहेत. असं करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि पावसात दार उघडणारे तुम्हीच असता. नवीन अर्थिंगला तीन ते आठ हजार लागतात, ते लागू द्या. वायर, एमसीबी, सॉकेट, मजुरी, अर्थिंग धरून खर्च दहा ते वीस हजारांत बसतो. मीटररूमपासून पार्किंग लांब असेल तर वायरच्या मीटरमागे वाढतो. कंत्राटदाराचं कोटेशन वायरच्या मीटरमागच्या भावाने घ्या, ठोक नको.

शॉर्टकट आणखीही सुचवले जातात. जिन्याच्या दिव्यांच्या मीटरवरून गुपचूप लावणं: बिल सगळ्या सोसायटीत वाटलं जातं, दोन महिन्यांत उघडकीला येतं. शेजारच्या दोन मित्रांच्या गाड्या घरगुती मीटरवर पैसे घेऊन चार्ज करून देणं: वापराचा हेतू बदलला म्हणून वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने वसुली निघू शकते. आकडा टाकणं म्हणजे कलम १३५, थेट चोरी, तीन वर्षांपर्यंत कैद.

घरमालकाच्या मीटरवर चार्ज करत असाल तर हजार-दीड हजाराचं सबमीटर स्वतःच्या खर्चाने बसवा आणि दर लिहून ठेवा. "महिन्याला पाच हजार दे" असा ठोक करार गाडी गॅरेजमध्ये पडली की अंगावर येतो. गाडी कंपनीकडून भाड्याने घेतली असेल तर आधी करार वाचा: घरी चार्जिंगला मुभा आहे का, विजेचे पैसे कोण देणार, आणि घरच्या वीजपुरवठ्याने चार्जर बिघडला तर भरपाई कोणाची.

स्वतःचं घर, स्वतःचं छप्पर असेल तर सौर पॅनेलचा विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान मिळतं. तेवढी यंत्रणा महिन्याला साडेतीनशे युनिटांच्या आसपास देते, आणि ती वरच्या, महागड्या स्लॅबमधूनच कमी होतात.

बाहेर चार्ज करावं लागेलच, रोज नाही तरी. लिहिलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो की तो धरूनच दर लिहिला आहे ते पाहा. चार्जिंग संपूनही गाडी काढली नाही तर काही ठिकाणी मिनिटाला दंड लागतो. मॉलमध्ये पार्किंगचे वेगळे. प्रत्येक ॲपच्या वॉलेटमध्ये दोनशे-पाचशे अडकतात, म्हणून दोनच ॲप ठेवा आणि लागेल तेवढेच भरा.

एक बिल सगळे विसरतात: सुरक्षा ठेव. महिन्याला बिल येणाऱ्यांची ठेव वर्षभराच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी लागते. गाडीमुळे बिल बाराशेवरून अकरा हजारांवर गेलं, तर पुढच्या आर्थिक वर्षात फरकाचं स्वतंत्र बिल येईल, आणि तो फरक वीस हजारांच्या घरात असू शकतो. ठेव बुडत नाही, तिच्यावर व्याजही मिळतं, पण रक्कम एका झटक्यात मागितली जाते. वेगळ्या मीटरची ठेव कोटेशनमध्येच असते, शिवाय तिथलं बिल छोटं म्हणून ठेवही छोटी.

काही अडलं तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तिथे हललं नाही तर तुमच्या परिमंडळाचा ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही; अर्ज, बिलं आणि तो लेखी नकार पुरतो.