कॅमेऱ्याआधी पंचांग : निसर्ग छायाचित्रकार व्हायचंय तर

मुलगी किंवा मुलगा लँडस्केप फोटोग्राफी करायची म्हणाला, की घरातला पहिला वाद पैशांवरून होत नाही, पहाटे साडेतीनच्या गजरावरून होतो. निसर्गचित्राला हवा तो उजेड सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आगेमागे मिळतो. त्यामुळे काम अंधारात सुरू होतं आणि अंधारातच आवरावं लागतं. त्यात ठिकाणं अशी, की मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नाही. आईवडिलांच्या पोटात गोळा येणारच.

या भीतीवर ‘जायचं नाही’ हा तोडगा टिकत नाही आणि ‘काही होत नाही गं आई’ या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही. बाहेर सुखरूप राहणं हा या व्यवसायाच्या अभ्यासाचाच भाग आहे आणि तो शिकताना फोटोही सुधारतात. ठाण्याच्या कोपरीतल्या मुलांना हा अभ्यास घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सुरू करता येतो.

पहिली इयत्ता : ठाण्याची खाडी

कोपरीच्या पूर्वेला खाडी, पलीकडे पारसिकचा डोंगर. सूर्य त्या डोंगरामागून वर येतो. इथे फोटो काढायला कधी जावं, असं विचारलं तर नवखा माणूस सूर्योदयाची वेळ सांगेल. कोळीवाड्यातला जाणता आधी तिथी विचारेल. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावस्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत आतपर्यंत, म्हणजे ठाण्याला, पाणी थोडं उशिरा चढतं. नेमक्या वेळेसाठी भरतीचं वेळापत्रक किंवा अ‍ॅप पाहावंच, पण हा हिशेब तोंडपाठ असावा.

आता तो सूर्योदयाशी जोडून पाहा. अष्टमीच्या आसपास उजाडताना खाडी भरलेली असते, आकाशाचं प्रतिबिंब काठापर्यंत येतं. शिवाय ही भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार बेताचा. पौर्णिमेला नेमकं उलट. उजाडताना ओहोटी, चिखलाचा रुंद पट्टा उघडा, पक्षी लांब आणि ‘जरा पुढे जाऊन घेतो’ असा मोह. खाजणातला चिखल गुडघ्यापर्यंत पाय धरून ठेवतो. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते आणि ते पाणी भराभर चढतं. धोका कधी आणि फोटो कधी, ही दोन्ही उत्तरं एकाच आकडेमोडीतून मिळाली.

नियम सोपा आहे : चिखलात उतरायचं नाही, काठावरून किंवा बंदराच्या धक्क्यावरून काम करायचं. चुकून पाय रुतलाच तर झटके देऊ नयेत. बॅग आडवी टाकून तिच्यावर वजन पसरावं आणि पाय सावकाश हलवत सोडवावा. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात आणि चिखलात जाऊ नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. नंतर ताप आला तर आपण कुठे गेलो होतो ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे टिपायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाणं हा सुरक्षित मार्ग आहे. खाडीचा ऐरोली-वाशी पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या बोटींच्या वेळाही भरतीवरच ठरतात.

दुसरी इयत्ता : सह्याद्री

खाडीवर वर्षभर हात बसला की डोंगर. कसारा लोकलने आसनगावला उतरून माहुली, कल्याणहून एसटीने मुरबाडमार्गे नाणेघाट किंवा माळशेज, ही ठाणे जिल्ह्यातल्या छायाचित्रकारांची नेहमीची वाट. इथे पाच गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, कडा. कॅमेरा डोळ्याला असताना पाऊल उचलायचं नाही. जागा आधी पायांनी तपासायची, मग ट्रायपॉड लावायचा, मग चौकटीत पाहायचं. चौकट बदलायची झाली तर कॅमेरा खाली घ्यायचा, मग हलायचं. कड्यावरच्या पुष्कळ अपघातांचं मूळ मागे टाकलेल्या त्या एका पावलात असतं.

दुसरी, पाणी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. खाली पाऊस थांबलेला असला तरी वर पठारावर तो कोसळत असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून पालापाचोळा येऊ लागला किंवा आवाज वाढला, की सामान गोळा करत बसू नये, आधी काठ गाठावा. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेक धबधब्यांवर बंदी घालतात. निघण्याआधी तो आदेश आणि हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा पाहावा.

तिसरी, वीज. एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग जमतात, तेव्हाच आकाश सर्वांत देखणं दिसतं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो, म्हणजे तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच उघडा माथा सोडायचा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतायचं नाही. कार्बन फायबरचा ट्रायपॉडही वीज वाहून नेतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये असावं.

चौथी, जीवजंतू. किल्ल्यांच्या कातळावर आग्या मोहोळ असतं. तिथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी काहीही चावलं तरी कापणं, चोखणं, आवळून बांधणं टाळावं. चावलेला भाग हलू न देता जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. विंचूदंशालाही आता प्रभावी उपचार आहेत आणि त्यांचा पाया महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनाने घातला. म्हणून वाटेवरचं रुग्णालय कुठे आहे, ते निघण्यापूर्वीच लिहून ठेवावं.

पाचवी, एकटेपण. सुरुवातीची काही वर्षं दोघांपेक्षा कमी जणांनी डोंगरात जाऊ नये. गावातला वाटाड्या घ्यावा. त्याला दिलेले पैसे हा धंद्यातला खर्च आहे.

अंगावर काय, पाठीवर काय

जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही. चटकन वाळणारी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खाचदार तळव्यांचे बूट घ्यावेत. डोक्याला बांधायची बॅटरी हवी, म्हणजे अंधारात दोन्ही हात मोकळे राहतात. उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावं, सोबत ओआरएसची पाकिटं ठेवावीत. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली की सावली गाठायची. नवख्यांना सगळ्या लेन्स न्यायच्या असतात. एक वाइड अँगल, एक झूम आणि हलका ट्रायपॉड पुरतो. जास्त ओझ्याने माणूस थकतो आणि थकलेला माणूसच घसरतो. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, म्हणून घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून सामान ठेवावं.

शिक्षण कुठे?

बारावीनंतर मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत पदवी करताना छायाचित्रण शिकता येतं. पदवीनंतर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर संकुलात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पण फक्त कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्ससारख्या संस्थेचा प्रथमोपचार वर्ग करावा आणि जमल्यास उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा (स्थापना १९६५) मूलभूत अभ्यासक्रम. पोहता येत नसेल तर आधी तो क्लास लावावा. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचावेत आणि ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात हिरवं, पिवळं, लाल क्षेत्र तपासावं. विमानतळ जवळ असल्याने आपल्या भागात हे सोडून चालत नाही.

पोटापाण्याचं काय?

स्पष्टच सांगायचं तर फक्त निसर्गचित्रं विकून घर चालवणारे थोडे. बहुतेक जण इमारती आणि गृहप्रकल्प, हॉटेल-रिसॉर्ट, पर्यटन, प्रकाशनं, लग्नं असं मिश्र काम करतात, त्यातून निसर्गासाठी दिवस काढतात. काही जण कार्यशाळा घेतात. गोपाळ बोधे यांनी भारतीय नौदलात नोकरी करत हवाई छायाचित्रणात नाव मिळवलं. नोकरी आणि आवड एकत्र नांदू शकतात. कार्यशाळेत दहा जणांना डोंगरावर नेणाऱ्याकडे लोक त्याच्या फोटोंइतकंच त्याच्या सावधपणाकडे पाहून येतात. रिसॉर्टवालाही पाऊस आला म्हणून कॅमेरा भिजवून परतणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलवत नाही. कॅमेऱ्याचा आणि स्वतःचा अपघात विमा पहिल्या कमाईतूनच काढावा.

पालकांनी काय विचारावं?

‘जाऊ का?’ या प्रश्नावर हो-नाही करण्याआधी मुलाकडून एक कागद भरून घ्या : कुठे जाणार, कोणाबरोबर, कोणत्या गाडीने, भरती किंवा हवामानाचा अंदाज काय, जवळचं रुग्णालय कोणतं, परतीची वेळ कोणती आणि त्यानंतर किती वेळाने आम्ही ११२ ला फोन करायचा. कागद नीट भरला असेल तर जाऊ द्या. रकाने रिकामे असतील तर तयारी झालेली नाही, पुढच्या आठवड्यात जाऊ दे म्हणा. ठरवलेल्या जागी पोचूनही हवा बिघडली म्हणून जो मुलगा किंवा जी मुलगी फोटो न काढता घरी येते, तिला त्या दिवशी रागावू नका. या क्षेत्रात पुढे जाण्याची पात्रता त्याच निर्णयात दिसते.