संमती कोणाची आणि कशासाठी?

संशोधक एखाद्या वस्तीत अभ्यासासाठी येतो, तेव्हा त्याच्यापाशी बहुधा आपल्या संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता असते. तेवढ्याने लोकांचे हित सुरक्षित झाले, असे मानता येईल काय? अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासी जमातीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीत हे लोक राहतात. त्यांच्यात मधुमेह बळावला, तेव्हा वर्षानुवर्षे त्यांच्यात राहून विश्वास संपादन केलेल्या एका मानववंशशास्त्रज्ञाकडे त्यांनी साहाय्य मागितले. त्यातून १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. आजाराचे कारण कळेल, या आशेने लोकांनी ते दिले. संमतिपत्राची भाषा मात्र व्यापक होती. पुढे त्याच नमुन्यांवरून मनोविकार, जवळच्या नात्यातील विवाह आणि जमातीचे प्राचीन स्थलांतर यांचाही अभ्यास झाला. आपला उगम याच दरीत झाला, अशी जमातीची श्रद्धा. त्यांचे रक्त तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. २००३ मध्ये हे उघडकीस आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये तडजोड होऊन ४१ व्यक्तींना ७ लाख डॉलर मिळाले व नमुने परत करण्यात आले.

अमेरिकेत संस्थांतर्गत समित्यांना १९७४ च्या कायद्याने आधार दिला. त्यांची कार्यपद्धती मुख्यतः वैद्यकीय प्रयोगांवर बेतलेली आहे. क्षेत्रकार्याचे स्वरूप निराळे असते. ओट्यावरच्या गप्पांतून नवे प्रश्न उद्भवतात आणि अभ्यासाची दिशा पालटते. म्हणून एकदा घेतलेली सही कायमची पुरत नाही. उद्देश बदलला की पुन्हा विचारणे, हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.

कातकरी, कोलाम व माडिया गोंड या आपल्या राज्यातील विशेष असुरक्षित आदिवासी जमाती आहेत. त्यांच्या वस्तीत येणारा अभ्यासक प्रथम सरपंच, शिक्षक किंवा ग्रामसेवक यांनाच भेटतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, समाजाच्या प्रमुखाची अनुमती ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा ओळख करून देताना माहिती कशासाठी हवी, ती कोणाकडे राहील, नकार देता येईल काय आणि निष्कर्ष गावाला कळतील काय, हे चार प्रश्न लोकांच्या भाषेत, लोकांसमक्ष विचारावेत. गावाने टाकलेला विश्वास जपण्याची जबाबदारी संशोधकाइतकीच मध्यस्थावरही असते.