बी २० आणि झेड २१ यांमधले अंतर

शिरवळ



एचआयव्हीच्या निदानाचे कोड माणसाच्या चार वेगवेगळ्या अवस्था सांगतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की कागदावरचा माणूसच बदलतो. विषाणूशी संपर्क आल्याचा संशय असलेला, तपासणीत निर्णायक उत्तर न मिळालेला, विषाणू अंगात असूनही धडधाकट असलेला आणि विषाणूमुळे आजारी पडलेला, असे हे चौघे. बोलताना लोक या चौघांनाही ‘एड्सवाला’ म्हणून मोकळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, मात्र त्यांना वेगळे ठेवते. कोडिंग शिकणाऱ्याने आकडे पाठ करण्याआधी हा वेगळेपणा मनात पक्का करावा.

शिरवळ हे नीरेकाठचे, पुणे-बंगळूर महामार्गावरचे कारखान्यांचे गाव. ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार यांच्यापर्यंत तपासणी नेण्यावर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने भर दिला आहे, त्यामुळे अशा गावात तपासणी करून घेणाऱ्यांत सगळ्या प्रकारची माणसे असतात. समजा, एखादा कामगार काही तक्रार नसताना केवळ खात्रीसाठी तपासणीला आला. त्याच्या कागदावर झेड ११.४ येतो, म्हणजे चाळणी तपासणी. अहवाल निगेटिव्ह आला आणि समुपदेशकाने त्याला बसवून समजावले, तर त्या भेटीला झेड ७१.७. दवाखान्यातल्या सिस्टरला वापरलेली सुई टोचली, तर झेड २०.६, म्हणजे विषाणूशी संपर्क. तिला बहात्तर तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू कराव्या लागतात आणि त्या २८ दिवस चालतात. तरीही ती बाधित नसते, हे कोडाने नेमके सांगायला हवे. गोळ्यांची नावे पाहून घाईने बी २०, म्हणजे एचआयव्ही आजाराचा कोड, टाकणे ही इथली सर्वांत वाईट चूक, कारण नोकरी आणि विमा यांच्या कागदांवर तो आकडा वर्षानुवर्षे तिच्या मागे लागतो.

आर ७५ हा कोड अनिर्णित प्रयोगशाळा-अहवालाचा. त्याचा खरा उपयोग तान्ह्या बाळांसाठी होतो. बाधित आईची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात उतरतात आणि सुमारे अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात, म्हणून त्या काळात प्रतिद्रव्यांची साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी बाळ बाधित आहे असे सिद्ध होत नाही. सहाव्या आठवड्यापासून विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी केली जाते आणि शेवटचा निर्णय अठरा महिन्यांनी होतो. तोवर बाळाच्या केसपेपरवर बी २० किंवा लक्षणे नसलेल्या बाधेचा झेड २१ येऊ नये. मोठ्यांच्या बाबतीत एका चाचणीवर थांबायचे नसते. लक्षणे नसतील तर वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्यांवरूनच पॉझिटिव्ह म्हणायचे, असा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, म्हणजे नॅकोचा, शिरस्ता आहे.

आता मुख्य जोडी. झेड २१ म्हणजे विषाणू अंगात आहे, पण त्यामुळे झालेला कोणताही आजार नाही. बी २० ते बी २४ म्हणजे विषाणूमुळे झालेला आजार. क्षयरोग, अन्ननलिकेतली बुरशी, न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, वजन झपाट्याने उतरणे, काही कर्करोग हे सगळे या गटात येतात. २८ एप्रिल २०१७ पासून भारतात ‘चाचणी करा, उपचार द्या’ हे धोरण आहे. रक्तातल्या सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी कितीही असोत, प्रत्येक बाधिताला एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधे, मिळतात. म्हणून नुसत्या गोळ्या चालू आहेत एवढ्यावरून बी २० लावता येत नाही. उलटही तितकेच खरे आहे: ज्याला एकदा एचआयव्हीमुळे क्षय झाला तो आज ठणठणीत असला, विषाणूंची संख्या मोजता येणार नाही इतकी उतरली, तरी अमेरिकन नियमांनुसार पुढच्या प्रत्येक भेटीत बी २० राहतो आणि झेड २१ किंवा आर ७५ कडे परतता येत नाही. डॉक्टरांनी ‘एड्स’ किंवा ‘एचआयव्ही आजार’ असे शब्द लिहिले असतील तर झेड २१ मुळीच चालत नाही. शब्द संदिग्ध असतील तर डॉक्टरांना लेखी विचारावे, अंदाजाने रिकामी जागा भरू नये.

इथे अमेरिकन नियम वेगळे सांगण्याचे कारण आहे. पुण्यात मेडिकल कोडिंग शिकलेली मुले बहुतेक अमेरिकन रुग्णालयांचे काम करतात, आणि तिथे वापरतात ते पुस्तक, आयसीडी-१०-सीएम, जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ पुस्तकाहून निराळे आहे. मूळ पुस्तकात बी २० फक्त संसर्गांचा: बी २०.० क्षयासारख्या जिवाणूंचा, बी २०.४ कॅन्डिडा बुरशीचा, बी २०.६ न्यूमोसिस्टिसचा. कापोसी सार्कोमा बी २१.० मध्ये, मेंदूवरचा परिणाम बी २२.० मध्ये, खंगत जाणे बी २२.२ मध्ये, आणि तपशील नसलेला आजार बी २४ मध्ये. अमेरिकन पुस्तकात हे सगळे एकाच बी २० मध्ये सामावले आहे आणि प्रत्येक गुंतागुंतीचा कोड वेगळा जोडावा लागतो. फुप्फुसाचा क्षय असेल तर बी २० आणि त्यामागे ए १५.०. दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची, म्हणजे एचआयव्ही-२ ची, बाधा असेल तर बी ९७.३५ ही भर. पश्चिम भारतात हा प्रकार आढळतो, तेव्हा हा कोड निरुपयोगी समजू नये.

क्रमालाही अर्थ आहे. एचआयव्हीमुळे झालेल्या आजारासाठी दाखल झाला तर बी २० आधी. पण खंबाटकी घाटात ट्रक उलटून नडगीचे हाड मोडले आणि चालकाला आधीपासून एचआयव्हीचा आजार असला, तर हाडाचा एस ८२ आधी आणि बी २० नंतर. गर्भवती असेल तर ओ ९८.७ सर्वांत पुढे, आजार असेल तर त्यामागे बी २० आणि नसेल तर झेड २१. संशयाचा नियम तर खास ध्यानात ठेवावा. अमेरिकेत दाखल रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘संभाव्य’ असे लिहिलेला आजार बहुतेक वेळा झाला असे धरून कोड दिला जातो, पण एचआयव्हीला हे लागू नाही. निदान निश्चित झालेलेच असायला हवे. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल फाईलमध्ये हवाच असे नाही, डॉक्टरांचे स्पष्ट विधान पुरते.

मृत्यूच्या नोंदीत चुका जास्त होतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली रुग्णालयात झालेल्या मृत्यूचे कारण नमुना ४ मध्ये लिहायचे असते: वरच्या ओळीत शेवटचे कारण, खालच्या ओळीत मूळ कारण. घरच्यांच्या दडपणाने पुष्कळदा फक्त ‘हृदय बंद पडले’ असे लिहिले जाते. ती मरणाची रीत झाली, कारण नव्हे. नेमकी नोंद म्हणजे वर क्षय आणि शेवटच्या ओळीत एचआयव्ही. तेव्हाच मूळ पुस्तकातला बी २०.० बसतो आणि जिल्ह्याच्या आकड्यांत तो मृत्यू खऱ्या जागी जातो. घरच्यांची भीती मात्र गैरलागू म्हणता येत नाही. त्या कायद्यानुसार मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापले जात नाही, पण २०२३ च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातलगाला द्यावी लागते. तेव्हा ती कोणाच्या हाती जाते हे पाहायला हवे.

कोड म्हणजे आजाराचे नावच, म्हणून त्याची गुप्तताही नावाइतकीच. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. त्यानुसार संमतीवाचून कोणाचीही अवस्था उघड करता येत नाही आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेला माहितीच्या सुरक्षेची व्यवस्था करावी लागते. सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून आणि तिच्यासोबत उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद याच प्रश्नांवर काम करत आल्या आहेत, म्हणजे कायद्याच्या कितीतरी आधी. दवाखान्याच्या फाईलच्या पाठीवर ठळक शाईत बी २० लिहिणे, बिलाच्या छपाईत निदानाचा रकाना तसाच सोडणे, विम्याच्या क्लेमचे कागद मोबाईलवर फोटो काढून पाठवणे, हे सगळे या कायद्याच्या विरुद्ध जाणारे आहे.

वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात क्षयासह एचआयव्ही १सी६०, मलेरियासह १सी६१, आणि दोन्ही नसलेला १सी६२ असे तीन भाग आहेत. प्रत्येकात आजाराच्या टप्प्यानुसार उपकोड आहेत. लक्षणे नसलेला माणूस तिथे झेडच्या वेगळ्या खणात न बसता पहिल्या टप्प्यात धरला जातो. जुन्या फाईलींवर मात्र बी २० आणि झेड २१ राहणार आहेत, आणि नव्या आवृत्तीत त्यांचे रूपांतर करताना प्रत्येक फाईलीतले डॉक्टरांचे मूळ वाक्य पुन्हा वाचावे लागेल.

तुझी मावशी