आठवडाभर एकाच जागी

प्रश्न : आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. फ्रान्सच्या खेड्यात लोक घर घेऊन निवांत राहतात, तशी सुट्टी मे महिन्यात जवळपास मिळेल का?
– एक वाचक, फ्रीगंज, उज्जैन

उत्तर : मिळेल, पचमढीला. उंची सुमारे १,०६७ मीटर, त्यामुळे माळव्याच्या उन्हाळ्यापासून खरी सुटका होते. उज्जैनहून नर्मदा एक्सप्रेसने पिपरियाला उतरा, पुढे घाटरस्ता. मात्र दोन दिवसांत सगळे ‘पॉइंट’ उरकू नका. त्याने दमणूकच होते. एकाच जागी आठवडाभर राहा, स्वयंपाकघर मिळाले तर उत्तमच. एका सकाळी जटाशंकरची गुहा, एका संध्याकाळी १,३५२ मीटर उंच धूपगडावरचा सूर्यास्त, बाकी वेळ झाडाखाली गप्पा. विदर्भातले भाविक इथल्या नागद्वारीच्या यात्रेला येतात ते नागपंचमीच्या सुमारास, त्यामुळे ती गर्दी मे महिन्यात नसते. पर्यटकांची असते, म्हणून खोल्या आत्ताच ठरवा.