तिथीची पाऊणपट

चि. भाच्यास,


रविवारी चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलास, दहा मिनिटांत कंटाळलास आणि फोटो काढून परतलास, असं ताई फोनवर सांगत होती. डॉक्टर म्हणाले ‘निसर्गात जात जा’, म्हणून गेलास. म्हणजे ओव्हरटाइमच की तो! तारापूर एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्याला ‘शांत बस’ म्हणणं फुकटचं आहे, मी म्हणणार नाही. ध्यानाचं ॲपही सुचवत नाही. तिथेही दहा मिनिटांचं टार्गेट असतंच.

तू हिशेबात हुशार आहेस, तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब शीक. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुढे सहा तासांनी ओहोटी. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी सुस्त.

आपल्याकडे डोल लावणारे कोळी याच हिशेबावर चालतात. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं जाळं, तोंड प्रवाहाकडे. मासळीमागे कोणी धावत नाही. बोंबील, जवळा पाण्याच्या ओढीबरोबर आत येतो. पाणी वळायच्या बेताला ओढ मंदावते, तेव्हाच जाळं उचलायचं. त्याआधी कितीही जोर लावा, समुद्र दाद देत नाही. ही माणसं साधुसंत आहेत असं समजू नकोस. डिझेलच्या भावावरून शिव्या घालतात, लिलावात कचाकचा भांडतात. पण जी वेळ आपल्या हातात नाही तिच्यासाठी जीव खालीवर करायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. ते पुस्तक वाचून येत नाही, पाणी वळताना पुन्हा पुन्हा पाहिल्यावर येतं.

आणि समुद्राने काय होणार, असं विचारू नकोस. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९पासून याच्याच पाण्यावर थंड होतंय. तुझं डोकं त्याहून तापलेलं आहे का?

येत्या पंचमीला सुट्टी टाक. भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास. नऊलाच ये. पाणी पार आत गेलेलं असेल. ते वळून परत निघेपर्यंत सुरूच्या सावलीत बसायचं. गप्पा चालतील, फोन नाही. कंटाळा आला तर येऊ दे, मलाही येतो. डबा ताईकडून घेऊन ये, सुक्या बोंबलाची चटणी विसरू नकोस. आणि मोटरसायकल वाळूत घालू नकोस. भरतीच्या वेळी ती ढकलायला मी येणार नाही.

तुझा,
मामा