जोर, ताजवे आणि अवधान

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘अवधान’ नावाचे एक प्रकरण असते. विद्यार्थी त्याची व्याख्या पाठ करतात, एक-दोन प्रयोग वहीत उतरवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मला या विषयाची गोडी लागली ती पुस्तकामुळे नव्हे, तालमीतल्या खांबामुळे. गेली काही वर्षे मी सुरतेत अध्यापन करतो आणि सकाळी उधना भागातील एका मोकळ्या मैदानावर वीसेक मुलांचा व्यायाम घेतो. बहुतेक मुले खानदेशातून येथे कामधंद्यासाठी आलेल्या मराठी घरांतील. जोर, बैठका, सिंगल बार, हातांवर उभे राहणे आणि मल्लखांब, एवढाच आमचा पसारा. वजने नाहीत, यंत्रे नाहीत; उचलायचे ते स्वतःचे शरीर आणि तोलायचे तेही तेच. अशा व्यायामात मन नेमके कोठे ठेवावे, एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

‘मन लावून कर’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. पण लावायचे कशाला? हातांवर उभा राहिलेला मुलगा आपल्या मनगटाकडे लक्ष देऊ शकतो, किंवा ज्या जमिनीला तो ढकलतो आहे त्या जमिनीकडे. तिसराही एक पर्याय असतो, तो म्हणजे कालचे भांडण किंवा उद्याचा पेपर. त्याची चर्चा नको. खरा प्रश्न पहिल्या दोहोंतला आहे, आणि तो दिसतो तितका किरकोळ नाही.

वाचकांनी आधी एक साधा प्रयोग करून पाहावा. भिंतीजवळ अनवाणी एका पायावर उभे राहा, म्हणजे तोल गेला तर हात टेकता येईल. मित्राला घड्याळ धरायला सांगा. प्रथम डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीवरील एका ठिपक्याकडे पाहा. मग तेच डोळे मिटून करा. नंतर डोळे उघडे ठेवून शंभरातून सात-सात वजा करीत मोठ्याने उत्तरे सांगा. शेवटी पुन्हा दोनदा उभे राहा: एकदा ‘माझा घोटा हलू द्यायचा नाही’ असे मनाशी धरून, आणि एकदा ‘पायाखालची फरशी दाबून ठेवायची’ असे धरून. डोळे मिटल्यावर बहुतेकांचा तोल लवकर जातो. वजाबाकीत कोणाचा पाय डगमगतो, तर कोणाची वजाबाकीच चुकते. घोटा आणि फरशी यांतला फरक मात्र पुष्कळांना चकित करतो.

डोळे मिटल्याने काय होते ते शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. तोलाची खबर मेंदूला तीन वाटांनी मिळते: डोळे, अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांचे शेजारी अवयव, आणि तळवे, सांधे व स्नायू यांतून येणारा स्पर्श-ताणाचा निरोप. एक वाट बंद झाली की उरलेल्या दोहोंवर भार पडतो. या निरोपांवरून स्नायूंना क्षणोक्षणी ज्या दुरुस्त्या करायच्या असतात, त्या इतक्या जलद असतात की जाणीवपूर्वक विचाराला तेवढी चपळाई साधत नाही. येथेच घोटा व फरशी यांतल्या फरकाचे मूळ आहे.

गॅब्रिएल वुल्फ या संशोधिका आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत पायाभूत मानले जातात. बर्फावरील घसरगुंडीच्या खेळाचा सराव देणाऱ्या एका यंत्रावर लोकांना उभे करून डावीकडून उजवीकडे हेलकावे घ्यायला लावले. काहींना सांगितले, आपल्या पायांनी किती जोर लावता तिकडे लक्ष द्या. काहींना सांगितले, पायाखालच्या फळीच्या चाकांवर जोर द्या. पाय आणि चाके यांत अंतर ते केवढे! तरी चाकांकडे लक्ष देणारे सरस ठरले. पुढे हलत्या तोलफळीवर असेच प्रयोग झाले. पायांऐवजी फळीवरच्या खुणांकडे लक्ष देणाऱ्यांचा तोल अधिक चांगला राहिला, आणि २००३ सालच्या प्रयोगात खुणा पायांपासून जरा दूर असल्या तर आणखी चांगला राहिला. स्पष्टीकरण असे देतात की, माणूस स्वतःच्या अवयवावर जाणीवपूर्वक ताबा चालवू लागला की आपोआप होणाऱ्या जलद दुरुस्त्यांत तो अडथळा आणतो. अंग ताठरते. परिणामाकडे लक्ष ठेवले की शरीर आपले काम आपल्या गतीने करते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या गावच्या तालमीतल्या वस्तादांचे बोलणे आठवले. ते मुळात फारसे बोलतच नसत. पण बोलले की “खांब आवळ”, “खांब सोडू नको रे”, “आभाळाकडे जा”, असेच काहीतरी. मांडीचा अमुक स्नायू आकुंचित कर, असे त्यांनी कोणाला सांगितल्याचे मला स्मरत नाही. त्यांना स्नायूंची नावे ठाऊक नव्हती म्हणून, असे कोणी म्हणेल. असेलही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या मुलांना खांबावर चढवताना जे शब्द उपयोगी पडले तेच टिकले, असे मला वाटते.

मल्लखांबाचा इतिहास आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लांच्या सरावासाठी खांबाचा उल्लेख येतो. हे कल्याण म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. पुढे बराच काळ ही विद्या मागे पडली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी तिला नवे रूप दिले. वणीच्या सप्तशृंगी गडावर त्यांना मारुतीने दृष्टान्त देऊन ही विद्या शिकवली, अशी आख्यायिका सांगतात. १८१८ नंतर पेशव्यांबरोबर ती ब्रह्मावर्तास गेली. आमच्या गुजरातेत वडोदऱ्याची जुम्मादादांची व्यायामशाळा प्रसिद्ध आहे. तेथे माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात तयार झालेले डभोईचे जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामाची तपासणी प्रयोगशाळेत सुरू केली. व्यायामाकडे मापे घेऊन पाहणे ही काही आपल्याकडे परदेशातून काल-परवा आलेली गोष्ट नव्हे.

मल्लखांबात शरीर तराजूच्या दांडीसारखे तोलून धरण्याच्या प्रकारांना ताजवे म्हणतात. ताजवा म्हणजे तराजू. शिकाऊ मुलाचा ताजवा बिघडतो तो बहुधा ताकद कमी पडली म्हणून नव्हे. तो आपलेच पाय सरळ आहेत की नाहीत हे मान वळवून पाहू लागतो आणि तेथे घसरतो. त्याला समोरच्या लिंबाच्या फांदीकडे पाहायला सांगितले, तर तोच पाय आपोआप सरळ होतो. पतंजलीनेही आसनाच्या सिद्धीसाठी प्रयत्न सैल करणे आणि चित्त अनंताच्या ठिकाणी जडवणे, असे दोन उपाय सांगितले आहेत. तो ग्रंथ मोक्षाचा आहे, मल्लखांबाचा नाही, हे मान्य. तरी सैल प्रयत्न आणि शरीराबाहेर ठेवलेले चित्त ही जोडी विचार करण्यासारखी आहे.

आता सुरतेची एक गोष्ट. माझ्याकडे येणारा एक मुलगा दिवसा महाविद्यालयात येतो आणि संध्याकाळी हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसतो. तेथे मजुरी नगावर मिळते, म्हणजे हात चालला तर पैसा. हातांवर उभे राहणे त्याला छान जमत असे. मागच्या वर्षी त्याने मित्रांच्या हौसेखातर घराच्या गच्चीवर मोबाईल समोर ठेवून चित्रीकरण चालवले. उलटा असतानाच चित्र नीट येते आहे ना, हे पाहायला त्याने नजर वळवली, आणि तो मनगटावर कोसळला. हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस घंटीवर बसता येईना. घरात भाडे भरायचे, धाकट्या बहिणीची फी द्यायची. पडण्याची किंमत प्रत्येक घरात सारखी नसते.

तो परत आला तेव्हा भ्यालेला होता. भ्यालेला माणूस काय करतो? सारे लक्ष त्या मनगटावर ठेवतो. हात टेकला की त्याची बोटे आखडत आणि कोपर थरथरे. मी त्याला विचारले, “घंटीवर बसलास की पाहतोस कुठे?” तो म्हणाला, “सर, पैलूकडे. बोटांकडे कोण बघतं? बोटांकडे बघितलं तर दगड जाईल.” घंटीभोवती बसलेले कारागीर भिंगातून हिऱ्याचा पैलू पाहतात आणि पुन्हा चाकावर धरतात, हाताचा दाब पैलू ठरवतो. वुल्फबाईंचा सिद्धान्त हा मुलगा रोज आठ-दहा तास आचरत होता, फक्त मैदानावर तो त्याला लागू करीत नव्हता. आम्ही दोन तळव्यांच्या मधोमध जमिनीवर खडूने एक खूण केली. भिंतीचा आधार घेऊन त्या खुणेकडे पाहायचे आणि जमीन दूर ढकलायची, एवढेच. दीड महिन्याने तो भिंत सोडून उभा राहिला.

डोळ्यांवर मी फार भर देतो आहे असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून एक उदाहरण. मुंबईच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी (त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली) दादरच्या कमला मेहता अंध शाळेतील मुलींना मल्लखांब शिकवला. ज्यांना खांब दिसत नाही त्या तो स्पर्शाने ओळखतात. म्हणजे अवधानाचे ठिकाण डोळ्यांनी दिसलेच पाहिजे असे नाही. शरीर ज्याला चिकटले आहे, ज्याला दाबते किंवा ओढते आहे, अशी एखादी वस्तू मनापुढे हवी.

येथवरचे सारे तोल आणि कौशल्य यांविषयी झाले. केवळ ताकदीच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे, आणि ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९२ साली यू आणि कोल या दोघांनी करंगळी बाजूला नेणाऱ्या स्नायूवर एक मजेदार प्रयोग केला. एका गटाने चार आठवडे खरोखर जोर लावला, दुसऱ्याने जोर लावल्याची नुसती कल्पना केली. पहिल्याची ताकद ३० टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची २२ टक्क्यांनी! स्नायू न हलवता एवढी वाढ म्हणजे ती मज्जासंस्थेतली. तेव्हा मन स्नायूवर ठेवण्यालाही काही अर्थ आहे. कालातायुद व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये छातीवरून वजन ढकलणाऱ्यांच्या स्नायूंतील विद्युत्‌क्रिया मोजली. एखाद्या स्नायूवर मुद्दाम लक्ष दिले की त्याची क्रिया वाढत होती, पण वजन कमाल शक्तीच्या ६० टक्क्यांपर्यंत असेतोवरच. ८० टक्क्यांवर ती वाढ दिसेनाशी झाली. भार मोठा असला की शरीर जे आहे ते सारे कामाला लावते. कोणाला निवडून बोलावायला सवड राहत नाही.

जोर काढणाऱ्याने यातून काय घ्यावे? पहिले दहा-पंधरा जोर सोपे जात असतील तेव्हा छातीकडे, पाठीच्या कण्याकडे, श्वासाकडे लक्ष देऊन चुका शोधाव्यात. पुढे दम लागला की आत पाहणे सोडून द्यावे आणि जमीन ढकलावी. नवा प्रकार शिकताना पहिल्या दिवशी हात कोठे, पाय कोठे हे सांगावेच लागते. पण आठवडा झाला तरी शिक्षक तेच सांगत राहिला, तर तो मुलाच्या आणि खांबाच्या मध्ये उभा आहे असे समजावे. आम्हां प्राध्यापकांना जास्त बोलण्याची खोड असते, म्हणून हे विशेष लिहिले.

मोजण्याविषयीही एक शब्द. पन्नास जोर काढणारा पस्तिसाव्यापासून पन्नासाची वाट पाहू लागतो आणि तेथून त्याचे जोर उथळ होतात. आमच्याकडे एक काढतो आणि दुसरा मोजतो. मोजणारा आकडा मोठ्याने सांगत नाही. शेवटचे तीन उरले की सांगतो.

राहता राहिला थकवा. सुरतेतील यंत्रमाग पुष्कळ ठिकाणी बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात. माझ्या दोन-तीन मुलांना आठवड्यातून काही रात्री काम असते, आणि ती मुले सकाळी थेट मैदानावर येतात. हातपाय चालत असतात. गेलेले असते ते अवधान. ते आधी जाते, ताकद मागून जाते, आणि मधल्या वेळात अपघात होतात. मुलगा मात्र ‘मी ठीक आहे, सर’ असेच म्हणतो, म्हणून मी त्याला विचारत नाही. एका पायावर उभे करून सात-सात वजा करायला लावतो. एरवी ज्याला अडचण येत नाही तो दोनदा अडखळला, तर त्या दिवशी खांब नाही, सिंगल बार नाही, उलटे होणे नाही. त्याने बैठका माराव्यात, चटईवर पडून श्वास पाहावा किंवा सरळ घरी जाऊन झोपावे. आणि खांबावर असलेल्याने उतरताना पाय जमिनीला लागेपर्यंत नजर उतरण्याच्या जागेवर ठेवावी. अवघड ताजवा साधला की मुले तेथेच मनाने खाली उतरतात, शरीर अजून पाच फूट वर असते.